खेळातील हातोडी आणि हातातील हातोडी

इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत वाढणाऱ्या मुलाला हातोडी म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातील लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला, तेव्हापासून या गावाचे जीवन हातोडी, पहार आणि फावडे यांच्याशी बांधलेले आहे. सदतीस फुटांना एक फूट असा हा घाटाचा चढ. पिढ्यानपिढ्या कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावली गेली आणि ती इगतपुरीला काढली गेली. या मार्गाची रोजची राखण ज्यांच्याकडे आहे, त्यांतला कीमन आपल्या वाट्याच्या रुळांवरून चालत जातो. रूळ पकडून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झालेली दिसली की तो हातोडीच्या घावाने ती जागच्या जागी बसवतो. हजारो प्रवाशांचा जीव त्या घावाच्या अचूकपणावर अवलंबून असतो. पण प्रवाशांना त्या माणसाचे नावही ठाऊक नसते.

याच घाटमाथ्यावर गेल्या काही दशकांत मुंबईकरांची सुटीची घरे आणि विश्रामस्थाने उभी राहिली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यावर हे अंतर आणखी कमी झाले. त्या मोटारींतून येणाऱ्या सुखवस्तू घरांतील चार वर्षांच्या बालकाच्या हातीही कधी कधी हातोडी असते. मात्र ती प्लास्टिकची असते आणि तिचा घाव कोणत्याही खिळ्यावर पडत नाही. तो पडतो एका कळीवर, आणि समोरच्या पडद्यावर खिळ्याचे चित्र आत जाते. कीमनच्या हातोडीखालीही चावीच असते आणि या बालकाच्या हातोडीखालीही संगणकाच्या कळफलकाची चावीच असते. एका चावीवर आगगाडी चालते, दुसरीवर एक धंदा चालतो.

पूर्वप्राथमिक वयाच्या मुलांसाठी खेळण्यातील अवजारे जोडलेले संगणकीय खेळ, हा विषय पक्षाच्या साप्ताहिकाने विचारात घेण्याइतका महत्त्वाचा आहे काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, जमिनीचे संपादन हे प्रश्न दाराशी उभे असताना लहान मुलांच्या खेळण्यांची चर्चा ही चैन नव्हे काय? वस्तुतः तसे नाही. एखादा समाज आपल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हाती काय देतो आणि काय देत नाही, यावरून तो समाज श्रमाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे जितके स्पष्ट कळते, तितके त्याच्या पंचवार्षिक योजनांवरूनही कळत नाही. म्हणूनच या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूची थोडी चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

या खेळण्याची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात माउंड नावाचे छोटे गाव आहे. तेथे १९४६ साली माउंड मेटलक्राफ्ट या नावाची कंपनी स्थापन झाली. तिचा मूळ उद्देश बागकामाची धातूची अवजारे तयार करण्याचा होता. लवकरच तिला खेळण्यांच्या व्यवसायात अधिक किफायत दिसली आणि पत्र्याच्या खेळण्यातील मालमोटारी व खोदयंत्रे ती बनवू लागली. १९५५ साली तिने टोंका हे नाव धारण केले. १९९१ साली हॅस्ब्रो या बड्या खेळणी कंपनीने तिला गिळंकृत केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच टोंका नावाने संगणकावरील खेळ बाजारात आले. त्यांतील काही खेळांबरोबर कळफलकावर बसवायचा प्लास्टिकचा साचा दिला जाई. त्या साच्यावरील अवजार मुलाने दाबले वा फिरवले की खालची विशिष्ट कळ दाबली जाई आणि पडद्यावर ठोकणे, कापणे वा भोक पाडणे घडून येई. २००१ साली हॅस्ब्रोने आपला संगणकीय खेळांचा विभागच दुसऱ्या कंपनीला विकून टाकला.

पन्नास-पंचावन्न वर्षांच्या या इतिहासात भांडवली उत्पादनाचा एक संपूर्ण प्रवास दिसतो. प्रथम खरे अवजार, ज्याने माती हलते. नंतर अवजाराचे खेळणे, ज्याने अंगणातली थोडी वाळू तरी हलते. शेवटी अवजाराच्या खेळण्याचे चित्र, ज्याने काहीच हलत नाही. प्रत्येक पायरीवर उपयोगमूल्य घटत गेले आणि विनिमयमूल्य टिकवण्यासाठी जाहिरातीचा व नावीन्याचा टेकू अधिकाधिक द्यावा लागला. पत्र्याची मालमोटार आजोबांकडून नातवाकडे जात असे. संगणकीय खेळ मात्र नवी यंत्रप्रणाली येताच निरुपयोगी होतो आणि त्यासोबतचे प्लास्टिक कचऱ्यात जाते. वस्तू लवकर मरावी, हीच येथे उत्पादकाची सोय असते.

भारतातील ताजे उदाहरण याहून बोलके आहे. टॅब्लेटसमोर ठोकळे व तुकडे मांडायचे आणि यंत्राच्या डोळ्याने ते ओळखून पडद्यावर खेळ घडवायचा, अशी साधने ओस्मो ही अमेरिकी कंपनी बनवत असे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठीही तिचे स्वतंत्र संच होते. जानेवारी २०१९ मध्ये बायजूज या भारतीय कंपनीने ती १२ कोटी डॉलरला विकत घेतली. २०२२ साली या भारतीय कंपनीचे बाजारमूल्य २२०० कोटी डॉलर असल्याचे गौरवाने सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतली. बालशिक्षणाचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जात होता, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. सुताराने दिलेला लाकडी ठोकळा सुताराचे दुकान बंद पडल्यावरही ठोकळाच राहतो. कंपनीच्या आज्ञावलीवर अवलंबून असलेला ठोकळा मात्र कंपनी आजारी पडली की तिच्याबरोबर आजारी पडतो.

आता बालकाच्या बाजूने विचार करू. खरी हातोडी हाती घेतलेल्या मुलाला तीन गोष्टी भेटतात: वजन, विरोध आणि चूक. हातोडी जड असते, म्हणून ती कोठे धरावी हे मनगटाला शोधावे लागते. आंब्याचे लाकूड मऊ असते, बाभळीचे कठीण असते, म्हणून घाव कमीअधिक करावा लागतो. आणि खिळा वाकतो. खिळा वाकला म्हणून कोणी रागावत नाही, टाळ्याही वाजवत नाही. तो केवळ वाकलेला असतो आणि तो सरळ करावा लागतो. निसर्गाशी व्यवहार करताना कोणाचीही मर्जी उपयोगी पडत नाही, हा विज्ञाननिष्ठेचा पहिला धडा आहे. पडद्यावरच्या खेळात वजन नाही, विरोध नाही आणि चूकही खेळ रचणाऱ्याने अगोदर ठरवून ठेवलेली आहे. घाव कसाही पडो, कळ दाबली गेली की खिळा आत जातो, संगीत वाजते, तारे चमकतात. बालक काम शिकत नाही; शाबासकी मिळवण्याची सवय शिकते.

ही केवळ जुन्या पिढीची कुरकुर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन व चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी किमान तीन तास शारीरिक हालचाल करावी आणि पडद्यासमोर बसून घालवलेला वेळ एका तासाहून अधिक नसावा, एक वर्षाच्या मुलाला तर पडदा मुळीच दाखवू नये, अशी शिफारस त्यांत आहे. अवजार हलवावे लागते म्हणून हा खेळ बैठा नव्हे, असा युक्तिवाद विक्रेते करू शकतील. परंतु बोटभर प्लास्टिक हलवणे आणि अंगण शेणाने सारवणे किंवा वाफ्यात खुरपे चालवणे, यांतील फरक कोणत्याही आईला समजावून सांगावा लागणार नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर नव्याने शोधण्याची गरज नाही, कारण ते येथेच शोधले गेले आहे. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. तेथील मुलांनी महागड्या खेळण्यांकडे पाठ फिरवून झाडणे, पुसणे, ओतणे, बटणे लावणे अशी खरी कामे पसंत केली, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी मुलाच्या हाताला पेलतील अशी पण खरी साधने दिली. फुटणारा काचेचा पेलाही दिला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी हा विचार भावनगरला आपल्या मातीत रुजवला आणि त्यांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

तथापि खरी परीक्षा पुढेच होती. शहरी मध्यमवर्गाची बालमंदिरे चालवणे एक आणि उपाशी, उघड्या मुलांपर्यंत पोचणे दुसरे. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये गेले. परदेशी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, मातीची भांडी हीच साधने झाली. मुले शाळेत येत नव्हती. म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी हा शब्द जन्मास आला. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नव्हती. म्हणून शाळा कुरणात गेली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका पाड्यावर घडलेला शब्द साऱ्या देशाने घेतला. मात्र शब्दाबरोबर त्यामागची दृष्टी घेतली की नाही, हा प्रश्न राहतोच.

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे, कारण तो समतेच्या चळवळीतूनच येतो. हाताच्या कामाचे गोडवे गाणारे बहुधा ती कामे स्वतः करत नाहीत. सुताराच्या मुलाने करवत धरावी, चांभाराच्या मुलाने रापी धरावी, हे तर जातिव्यवस्था शतकानुशतके सांगत आली आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली. शाळेने विद्यार्थ्यांच्या हस्तव्यवसायावर स्वावलंबी व्हावे या कल्पनेवर अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी तेथेच हरकत घेतली होती. मुलांच्या श्रमावर शाळा चालणे हे शिक्षण नव्हे, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. जातिव्यवस्था कामाचीच नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची वाटणी करते, हा डॉ. आंबेडकरांचा निष्कर्ष ज्याने पचवला आहे, तो अवजाराचे भाबडे कौतुक करणार नाही.

पण हाच निष्कर्ष या खेळण्याचे मर्म उलगडून दाखवतो. ज्या घरातील मुलाने खरी करवत हाती घेतली तर आईवडील घाबरतात, घरी कामाला आलेल्या सुताराशेजारी तो बसला तर त्याला आत बोलावून घेतात, त्याच घरात प्लास्टिकची करवत हजारो रुपये मोजून आणली जाते. कारण तिला लाकडाचा भुसा नाही, घामाचा वास नाही आणि मुख्य म्हणजे ती चालवणारा माणूस नाही. श्रमाची प्रतिमा हवी, श्रमिक नको. खेळ म्हणून अवजार चालेल, जीवन म्हणून चालणार नाही. शहरी सुखवस्तू वर्गाचा श्रमाशी असलेला संबंध जर एका वस्तूत दाखवायचा असेल, तर पडद्याला जोडलेल्या या हातोडीइतके नेमके उदाहरण सापडणे कठीण.

आणि या प्रतिमेच्या पलीकडे इगतपुरी तालुक्याचे दुसरे वास्तव आहे. आषाढात येथील खाचरांत भाताची आवणी सुरू होते. डोक्यावर इरले घेऊन वाकलेल्या बायांच्या मागेपुढे त्यांची लहान मुले चिखलात असतात, कारण घरी त्यांना सांभाळणारे कोणी नसते. भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि चार-पाच वर्षांची मुले विटांच्या रांगांत दिवस काढतात. सप्टेंबर २०२२ मध्ये तर याहून भयंकर प्रकार उघडकीस आला. या तालुक्यातील कातकरी वस्तीवरील मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात नगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे कामाला ठेवली गेली होती. त्यांपैकी एका मुलीचा मृत्यू झाला, श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, गुन्हे दाखल झाले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगालाही दखल घ्यावी लागली. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे. तो होऊन सेहेचाळीस वर्षे उलटल्यावर, मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर हे घडले.

म्हणजे एकाच डोंगराच्या कुशीत दोन बालपणे आहेत. एका बालकाच्या हाती कामाचे चित्र आहे, पण काम नाही. दुसऱ्या बालकाच्या हाती काम आहे, पण खेळ नाही. पहिल्याच्या हाताला जगाचा स्पर्श नाकारला गेला आहे, दुसऱ्यावर जग फार लवकर येऊन आदळले आहे. या दोन्ही वंचना सारख्याच आहेत असे म्हणणे हा ढोंगीपणा होईल. पहिलीत हौस आहे, दुसरीत भूक आहे. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. श्रम आणि शिक्षण, हात आणि मेंदू यांची जी फारकत वर्गीय व जातीय समाजरचना करते, तिची ही दोन टोके आहेत. या तालुक्यातील वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, रस्ता मुंबईकडून येतो. पण त्या पाण्याच्या आणि रस्त्याच्या वाटेवरील पाड्यांना बालवाडीही धड मिळत नाही, हा योगायोग नव्हे.

मग संगणकाला विरोध करावा काय? मुळीच नाही. यंत्राचा द्वेष हा समाजवादाचा मार्ग कधीच नव्हता. ज्या मुलाचे स्नायू दुर्बळ आहेत, ज्याला पेन्सिल धरता येत नाही, त्याच्यासाठी मोठ्या कळीचे, हाताळण्यास सोपे साधन संगणकाला जोडले तर ते वरदान ठरते. अशा मुलांसाठी मुद्दाम घडवलेले नियंत्रक आज तयार होतात आणि ते सरकारी खर्चाने मिळावेत अशी मागणीच केली पाहिजे. मोठ्या मुलांना संगणक कसा चालतो हे गावोगावच्या शाळांतून शिकवले पाहिजे, यातही दुमत नाही. आक्षेप यंत्राला नाही. ज्या वयात हाताने जग ओळखायचे, त्या वयात जगाच्या जागी जगाची विकाऊ नक्कल बसवण्याला आहे. आणि ती नक्कल म्हणजेच प्रगत शिक्षण, असा समज गरिबांतही पसरवून त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीतून हप्ते उकळण्याला आहे.

येथे सरकारची भूमिका तपासणे क्रमप्राप्त आहे. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांना मात्र मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात ठेवले. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही याच मर्यादेत थांबला. ज्या वयात बुद्धीची व हाताची पायाभरणी होते, ते वय हक्काच्या बाहेर आणि बाजाराच्या ताब्यात राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, २०२२ साली पायाभूत स्तराचा आराखडा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळण्यांचा जादुई पिटाराही समारंभपूर्वक उघडण्यात आला. कागदावर खेळ, माती, बाहुली, ठोकळे यांना मान मिळाला, हे स्वागतार्हच आहे. पण कायदेशीर हक्क आणि त्यामागे बांधलेला पैसा यांवाचून पिटारा हा पिटाराच राहतो.

संगणक अंगणवाडीत शिरला, तो बालकाच्या हाती खेळ देण्यासाठी नव्हे, तर सेविकेवर नजर ठेवण्यासाठी. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर सुरू झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले. इंग्रजीतून भरायच्या माहितीने त्या जेरीस आल्या होत्या. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थी मातेच्या चेहऱ्याची यंत्राकडून ओळख पटवणे बंधनकारक झाले. घाटातल्या ज्या पाड्यावर पावसाळ्यात मोबाइलला धड जाळे मिळत नाही, तेथे सेविकेने मुलांशी खेळायचे की जाळे शोधत टेकडी चढायची? जिच्या हाती ठोकळे असायला हवेत, तिच्या हाती पडदा दिला गेला. खाजगी बाजाराने श्रीमंतांच्या मुलांना पडद्यासमोर बसवले आणि सरकारने गरिबांच्या शिक्षिकेला.

या सेविकेला सरकार अजून कर्मचारी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने तिच्या मानधनाचा आपला दर ३००० वरून ४५०० रुपयांवर नेला, तेव्हाही शब्द मानधन हाच राहिला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला, आणि उपदान, निवृत्तिवेतन, मानधनवाढ याच त्यांच्या मागण्या होत्या. बालशिक्षणावरील कोणतीही चर्चा या स्त्रीच्या वेतनापासून सुरू झाली नाही, तर ती पोकळ आहे. हाताच्या शिक्षणाचे मोल न जाणणारा समाज हाताने शिकवणारीचेही मोल जाणत नाही, एवढाच याचा अर्थ.

खेळण्यांच्या बाजाराविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. देशी उत्पादनाला संरक्षण देणे चूक नव्हे. परंतु संरक्षण कोणाला मिळाले, हे विचारले पाहिजे. परदेशी प्लास्टिकच्या जागी देशी बड्या कारखान्याचे प्लास्टिक आले, तर सावंतवाडीच्या चिताऱ्यांना आणि गावच्या सुताराला त्यातून काय लाभले? एके काळी मुलाचे खेळणे उत्पादनाच्या कडेलाच जन्माला येत असे. सुताराच्या कामातून उरलेल्या तुकड्याची गाडी होई, कुंभाराच्या चाकावरील उरल्या मातीचे पोळ्याचे बैल होत. मूल ते घडताना पाहत असे आणि घडवणाऱ्याला नावाने ओळखत असे. त्या व्यवस्थेत जातीची जी विषमता होती, ती परत आणावयाची नाही. पण वस्तू कोणाच्या हातातून येते हे मुलाला माहीत असणे, हा गमावलेला ठेवा समतेच्या पायावर पुन्हा मिळवणे शक्य आहे.

यासाठी पक्षाने व चळवळीने काही ठोस मागण्या पुढे मांडल्या पाहिजेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मोफत बालशिक्षणाला कायदेशीर हक्काचा दर्जा मिळावा. प्रत्येक अंगणवाडीला साधनांसाठी स्वतंत्र वार्षिक निधी मिळावा आणि तो ठेकेदाराच्या सीलबंद पेट्यांवर खर्च न होता, त्याच तालुक्यातील सुतार, कुंभार, बुरूड व स्त्रियांचे बचतगट यांच्याकडून खरेदी व्हावी. लहान हाताला पेलणारी हातोडी, खुरपे, झारी, सूप, तराजू ही खरी साधने त्यांत असावीत. सेविका व मदतनीस यांना नियमित वेतनश्रेणी लागू व्हावी आणि माहिती भरण्याचे काम त्यांच्या अध्यापनाच्या तासांतून वगळावे. आवणीच्या व भट्टीच्या हंगामात, जेथे काम तेथे पाळणाघर व फिरती अंगणवाडी असावी. पाच वर्षांखालील मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या पडद्याच्या खेळांच्या जाहिरातींवर बंधन घालावे.

मात्र मागण्यांबरोबर काही रचनात्मक कामही हवे. केवळ निवेदने देऊन ही चळवळ उभी राहणार नाही. १९४१ साली पुनर्संघटित झालेल्या राष्ट्र सेवा दलाने खेळ, गाणे आणि श्रम यांची सांगड घालून एक पिढी घडवली, हा वारसा समाजवाद्यांचा स्वतःचा आहे. इगतपुरीसारख्या गावात रेल्वेतून निवृत्त झालेले कुशल कामगार आहेत, लोहार आहेत, भातशेतीतल्या जाणत्या बाया आहेत. त्यांना महिन्यातून एक दिवस अंगणवाडीच्या ओट्यावर सन्मानाने बसवावे. त्यांनी मुलांसमोर काम करावे, आणि मुलांनी जमेल तेवढा हात लावावा. तेथे रेल्वे वसाहतीतील मूल, बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे मूल आणि ठाकर-कातकरी पाड्यावरील मूल एकत्र बसावे, हे सर्वांत महत्त्वाचे. पाड्यावरच्या मुलाला तेथे काम करावे लागणार नाही, त्याला खेळायला मिळेल. आणि बंगल्यातल्या मुलाला केवळ खेळायला मिळणार नाही, त्याला कामाची ओळख होईल. प्रत्येकाला जे नाकारले गेले आहे, ते त्याला देणे, हाच येथे समतेचा अर्थ.

असे एक केंद्र चालवणे मोर्चा काढण्याहून कठीण आहे, कारण त्यात वर्षानुवर्षे सातत्य लागते आणि वर्तमानपत्रात नाव येत नाही. कीमनचेही नाव येत नाही. तो फक्त रोज मार्गावरून चालतो आणि ढिली झालेली चावी घट्ट करतो. समाजवादी कार्यकर्त्याने पाड्यावरच्या अंगणवाडीत तेवढे केले, तरी पुढल्या पिढीची गाडी घाट चढून जाण्यास ते पुरेसे आहे.